डोळे मिटून, दोरी धरून: माझा अनुभव

समुद्रात शंभरावर डाइव्ह झाल्या होत्या. त्यामुळे कॅव्हर्नचा कोर्स, म्हणजे पाण्याखालच्या गुहेच्या तोंडाशी जिथवर बाहेरचा उजेड दिसतो तेवढ्याच भागाचा, आपण सहज उरकू असं मी धरून चालले होते. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. झाडाझाडांना वळसे देत दोरी बांधली, माझ्या मास्कवर काळी पट्टी लावली आणि म्हणाले, "आता बाहेर या."

अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं, दोरी त्यातून सरकू द्यायची, ओढायची मात्र नाही. तिसऱ्या झाडाशी दोरी वळली. मी ती सोडून अंदाजाने पुढे गेले आणि थेट झुडपात घुसले. बाकीचे हसले, प्रशिक्षक हसले नाहीत. "खाली इथे कपार असती," एवढंच म्हणाले.

समुद्रात काही बिनसलं तर शेवटी वर जाता येतं. इथे डोक्यावर खडक, त्यामुळे बाहेर पडायचं तर आलो त्याच वाटेने. आणि तळाच्या बारीक गाळावर पायातल्या फिनचा (पोहायच्या वल्ह्याचा) एक चुकीचा फटका बसला, की आत्ता स्वच्छ दिसणारी वाट काही सेकंदांत दुधासारखी होते. मग टॉर्चही निरुपयोगी. हातातली दोरी तेवढी उरते.

हे नियम कुणी खुर्चीत बसून लिहिलेले नाहीत. अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी 1970 च्या दशकात मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या: मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नाही, परतीपुरती हवा राखलेली नाही, झेपेल त्याहून जास्त खोली. प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे ही कारणं नंतर जोडली गेली. ही यादी ऐकताना मला घाम फुटला, कारण कोर्सच्या आधी एकच टॉर्च घेऊन मी एका कपारीत "जरा डोकावून" आले होते. (आता तीन असतात, एक मुख्य आणि दोन राखीव.)

हवेचा हिशेब तोंडपाठ करून घेतला. तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा अडचणीसाठी. माझ्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब 190 बार, तर सोयीसाठी 180 धरायचे. त्याचा तिसरा हिस्सा 60, म्हणजे 190 मधून 60 गेले की 130 ला परत. दोघांपैकी ज्याचा आकडा आधी येईल, त्याच्यासाठी दोघंही वळायचं.

पाण्यातला मोठा त्रास पायांचा झाला. वरखाली फिन मारायची सवय मोडून बेडकासारखी किक शिकायला मला दोन दिवस लागले. मागे वळून पाहिलं, की माझ्याच पायांनी उठवलेला ढग दिसायचा.

शेवटच्या डाइव्हला रील, म्हणजे दोरीचं रीळ, माझ्याकडे होतं, म्हणजे जाताना मी पहिली आणि परतताना शेवटची. पहिली गाठ मोकळ्या पाण्यात मारली, दुसरी छताखाली शिरताच. 150 बारला उगाच छाती धडधडायला लागली. गाळ नव्हता, टॉर्च चालू होते, मागे निळा उजेडही दिसत होता. तरी मी अंगठा वर केला. कुणीही, केव्हाही, कारण न देता अंगठा दाखवला की डाइव्ह संपली, हा पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम. जोडीदाराने लगेच अंगठा दाखवला आणि तो वळला. मी दोरी गुंडाळत त्याच्यामागे निघाले. पहिली गाठ सोडली तेव्हा गेजवर 110 बार होते.

वर आल्यावर त्याने रील हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "या वेळी दोरी ढिली नाही पडली."