मागचा स्वे बार १९ चा २१ केला, आणि नांदुरीचा घाट

आईला घाटात गाडी लागते. मी लहान होतो तेव्हापासून बघतोय, लाल डब्यात पण लागायची आणि आता माझ्या गाडीत पण लागते, त्यामुळे सप्तशृंगी गडावर जायचं म्हणलं की वणी मागे पडायच्या आत ती लिंबू हातात घेऊन बसते आणि काच पूर्ण खाली. मागच्या चैत्रात नांदुरीच्या वर तिसऱ्या की चौथ्या वळणावर ती म्हणाली, अरे हळू घे, गाडी आडवी पडतीये. मी पंचवीसच्या वर नव्हतोच. पण तिचं खरं होतं, गाडी वळणात बाहेरच्या अंगाला कलायची, आणि वळण संपलं की सरळ व्हायच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला एक हेलकावा घ्यायची. लगेच उलटं वळण आलं की मग तर विचारूच नका. हे कलणं कमी करायला मी मागचा स्वे बार, म्हणजे गाडीला वळणात कलू न देणारी सळई, १९ मिमीच्या जागी २१ मिमीची टाकली, त्याची ही गोष्ट.

गाडी तेरा वर्षं जुनी सेडान आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि मागे मल्टी-लिंक सस्पेन्शन, म्हणजे मागचं प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांवर स्वतंत्र बसवलेलं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एक आडवी तुळई असते, तो बीम स्वतःच पिळला जातो आणि बारचं काम करतो, तिथे माझ्यासारखा नुसता बार काढून दुसरा लावता येत नाही, वेगळा बार बीमला बोल्ट करावा लागतो.

स्वे बार म्हणजे काय तर डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी स्प्रिंग स्टीलची एक वाकवलेली सळई. गॅरेजमध्ये कुणी स्टॅबिलायझर म्हणतं, कुणी जंपिंग रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली, समजा आडव्या स्पीडब्रेकरवर, तर बार नुसता फिरतो, काहीच करत नाही. पण वळणात बाहेरचं चाक दबलं आणि आतलं सैल झालं की बार पिळला जातो आणि तो पीळच गाडीला कलू देत नाही. सळई किती कडक ते जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं, त्यामुळे दिसायला किरकोळ फरक पण काम मोठं. मी कंपनीतून व्हर्नियर आणून मोजला, माझा मागचा बार १९ मिमी निघाला. २१ चा लावला तर कडकपणा जवळपास दीडपट, आणि २२ चा लावला तर ऐंशी टक्क्यांनी जास्त. दोन आणि तीन मिमीमध्ये एवढा फरक आहे, म्हणून "अजून जाड घे ना" असं कुणी म्हणालं तर आधी हा हिशोब करा.

आमचे चाचा वडाळा नाक्याच्या बाजूला बसतात, माझी गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच. त्यांना म्हणलं चाचा, मागे जाड बार टाकायचाय. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, काही न बोलता मागची डावी लिंक रॉड, म्हणजे बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी, हातात धरून हलवली आणि मला म्हणाले, ऐक. कट्. परत हलवली, परत कट्. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी काळी वाळू झालेली, पाथर्डी फाट्याच्या आमच्या रोडची धूळ असणार. मग टॉर्च मारून डी-बुश, म्हणजे बार गाडीखाली धरून ठेवणारे रबरी तुकडे, दाखवले, बुशचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालेलं, बार आणि रबराच्या मध्ये माझं नख आरामात जात होतं. म्हणाले, "तुझा आत्ताचा बारच पूर्ण काम करत नाहीये, बार नंतर आण, आधी हे टाक." म्हणजे गाडी कलायला लागायची तेव्हा पहिला थोडा वेळ बारला पत्ताच नसायचा, आधी ती फट भरायची आणि मग बार पकडायचा. आईला जो झटका बसायचा तो हाच.

तर आधी चारही लिंक रॉड आणि पुढचे मागचे बुश बदलले, बारच्या किमतीच्या पाव भागात सगळं झालं. आणि खरं सांगतो, अर्धा फरक तिथेच पडला. ज्यांची गाडी ऐंशी हजार किलोमीटरच्या वर गेलीये आणि खड्ड्यातून एक चाक गेलं की कट कट वाजतं त्यांनी नवीन बार बघायच्या आधी एवढं तरी कराच. शॉक्सबद्दल पण बरेच जण विचारतात, तर शॉक्स गाडी किती कलणार हे ठरवत नाहीत, ती किती झपकन कलणार आणि हेलकावा कधी थांबणार हे ठरवतात. माझे ठीक होते म्हणून ठेवले.

दोन आठवडे तसंच चालवलं, मग बार टाकला. एका बाजूनेच जॅक लावून लिंक खोलायला जाऊ नका, एक चाक खाली आणि एक वर असलं की बार पिळलेला राहतो आणि लिंकवर ताण असतो, नट सुटला तरी बोल्ट भोकातून निघत नाही. दोन्ही चाकं सारखी लोंबली पाहिजेत. नट फिरवताना मागचा स्टड पण फिरतो, तो ॲलन कीने धरून ठेवायचा. जुना बार बाहेर काढायला सायलेन्सरचे रबरी हँगर सोडावे लागले, नाहीतर तो वाकडा रॉड कुठूनच निघत नव्हता. नवीन बुश पॉलियुरेथेनचे, ते सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवायचे, नाहीतर चूं चूं आवाज सुरू होतो, आणि साधं चेसिस ग्रीस रबरी बुशला कधीच लावू नका, रबर फुगतं. नट सगळे नवीन नायलॉकचे घातले, आत नायलॉनची रिंग असते, सहज सैल होत नाहीत. अलाइनमेंट करायची गरज पडली नाही कारण आम्ही सस्पेन्शनचा कुठला आर्म, म्हणजे चाक जागेवर धरणारी दांडी, सोडलाच नव्हता, पण शंभरेक किलोमीटरनंतर परत जाऊन सगळे नट पान्याने तपासून घेतले.

आता महत्त्वाचं, मागचाच का. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी वळणात पुढून बाहेर सरकते, स्टेअरिंग फिरवलेलं असतं पण नाक वळत नाही. जाड बारने गाडीची एकूण ग्रिप वाढत नाही हे नीट समजून घ्या. वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जे वजन जातं ते गाडीच्या उंचीवर, रुंदीवर आणि वेगावर ठरतं, बार फक्त त्यातला पुढचा वाटा किती आणि मागचा किती एवढं बदलतो. मागचा बार कडक केला की मागचे टायर जास्त वाटा उचलतात, पुढचे मोकळे होतात आणि नाक वळतं. पण याची किंमत मागची ग्रिप देते. ओल्या रस्त्यावर वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग सुटू शकतो, कंपनीने तो १९ चा ठेवला होता तो यासाठीच, साध्या ड्रायव्हरला सांभाळता यावं म्हणून. म्हणून मी २२ चा घेतला नाही, आणि मागचे टायर त्याच महिन्यात नवीन घातले. मागे गोटा झालेले टायर आणि जाड बार ही जोडी इगतपुरीच्या पावसात नकोच. विमा कंपनीला पण मेल टाकून कळवलं, क्लेमच्या वेळी बदल लपवलेला निघायला नको.

गडावर परत गेलो अश्विनात, नवरात्रीची गर्दी ओसरल्यावर. दिंडोरी रोडला फार काही कळलं नाही, सरळ रोडला बार असून नसून सारखाच. नांदुरीच्या वर पहिलंच वळण घेतलं आणि लक्षात आलं की मी स्टेअरिंग दुरुस्त करत नाहीये, एकदा फिरवलं ते फिरवलं, गाडी तिथेच बसली. दोन वळणं लागोपाठची आहेत जिथे आधी हेलकावा यायचा तिथे गाडी फक्त दिशा बदलून मोकळी झाली. आई वरच्या पार्किंगला उतरली तेव्हा लिंबू पर्समध्येच होतं, आणि ती मामेबहिणीच्या लग्नाचं बोलत होती, ते बोलणं नांदुरीपासून चालू होतं. मला एवढंच पाहिजे होतं.

तोटा पण आहे, तो सांगितलाच पाहिजे. एकाच चाकाखाली खड्डा आला की त्याचा धक्का बार दुसऱ्या चाकापर्यंत नेतो, पेठ रोडच्या खराब पट्ट्यात गाडी आता डोकं हलवल्यासारखी डावी उजवी होते, मागच्या सीटवरच्यांना ते जास्त जाणवतं. माझ्या बारच्या टोकाला दोन भोकं आहेत, लिंक बाहेरच्या भोकात लावली की हात लांब होतो आणि बार मऊ लागतो, आतल्या भोकात कडक. सध्या बाहेरच्या भोकात ठेवलाय. आतलं भोक पावसाळा संपल्यावर एकदा त्र्यंबक रोडला सकाळी लवकर जाऊन बघेन, आई सोबत नसताना.