लेकाच्या ॲडिनॉइडचं ऑपरेशन: माझा अनुभव

लेक साडेचार वर्षांचा होता तेव्हापासून तोंड उघडं टाकून झोपायचा. देवगडात पावसाळाभर घरोघरी सर्दी असतेच, म्हणून मनावर घेतलं नाही. रात्री घोरायचा, मध्येच श्वास अडकायचा, मग दचकून कूस बदलायचा. पण मला आजही डाचतं ते दुसरंच. हाक मारली तरी वळायचा नाही, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगो, तेका आयकाकच येणा नाय."

कणकवलीच्या कान-नाक-घसा डॉक्टरांना मी मोबाइलवर काढलेला त्याच्या झोपेचा व्हिडिओ दाखवला. माझ्या सांगण्यापेक्षा तोच जास्त कामी आला. मानेचा बाजूने एक्स-रे काढला. नाकाच्या मागे, टाळूच्या वर असणारी ही ॲडिनॉइडची गाठ टॉन्सिलसारखी 'आ' करून दिसत नाही. ती वाढल्यामुळे कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड अडलं होतं आणि पडद्यामागे पाणी साचलं होतं. "ही गाठ वयाबरोबर लहान होत जाते, घाई नको," असं सांगून त्यांनी तीन महिने मोमेटासोनचा नाकात मारायचा स्प्रे दिला.

पहिल्या आठवड्यात नाकातून रक्त आलं, कारण मी स्प्रे सरळ मधल्या पडद्यावर मारत होते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, स्प्रेचं तोंड त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला ठेवून मारायचा, हे मला कुणी करून दाखवलं नव्हतं. तुम्ही मात्र डॉक्टरांसमोर एकदा मारूनच बघा.

घोरणं कमी झालं. शेजारच्या मुलीचं तर एवढ्यावरच भागलं. पण आमच्या लेकाच्या कानाची तपासणी कोल्हापुरात पुन्हा केली, तेव्हा आलेखाची रेघ पहिल्यासारखीच सपाट, म्हणजे पडद्यामागचं पाणी तसंच. पहिलीत जाणारं मूल, त्याला बाईंचं बोलणंच नीट ऐकू येत नसेल तर आणखी किती थांबायचं? गाठ काढून दोन्ही कानांत ग्रोमेट म्हणजे बारीक नळ्या बसवायचं ठरलं.

ऐन तारखेला ताप आला, ऑपरेशन पुढे गेलं. पुढच्या वेळी सहा तास आधी खाणं बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. भूल द्यायला आत नेलं तेव्हा यांना बाकावर बसवेना. अर्ध्या तासाचं काम, गाठ तोंडातूनच काढली, बाहेर टाका नाही. ताजं लाल रक्त आलं तर ताबडतोब परत आणा, असं बजावलं होतं. घरी यायच्या वाटेत फोंडाघाट, म्हणून दोन रात्री आतेभावाकडे कोल्हापुरातच राहिलो. ते फार बरं झालं. आठवडाभर तोंडाला वास आणि कानात ठणका. खायला पेज आणि आटवल. नळ्या आपोआप गळेपर्यंत समुद्रात डुबकी बंद, याचंच त्याला सगळ्यात जास्त रडू आलं.

घरी आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी सवयीने मोठ्याने हाक मारली. तो कानांवर हात ठेवून म्हणाला, "आजी, ओरडतेस कशाला?"