तुम्ही विचारलंत म्हणून : कोकणातल्या घरात सिनेमाची खोली

गावचे घर नव्याने बांधणारी किंवा जुने दुरुस्त करून घेणारी मंडळी आराखड्याबद्दल बोलायला माझ्याकडे येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हटकून विचारतात : होम थिएटरसाठी एक खोली ठेवायची आहे, तर प्रोजेक्टर कोणता घ्यावा आणि पडदा किती इंचांचा असावा? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मी खोलीबद्दल विचारतो. ती घराच्या कोणत्या बाजूला आहे, तिच्या डोक्यावर कौले आहेत की स्लॅब, पावसाळ्यात तिच्या भिंतींना ओल येते का? आपल्या किनाऱ्यावर यंत्रे मागाहून निवडली आणि बदलली तरी चालते, पण खोली चुकीची धरली तर कितीही महागडे यंत्र तिथे टिकत नाही आणि नीट ऐकूही येत नाही.

पहिला विचार पावसाचा. रत्नागिरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यात कोसळतो. गणपतीला घर माणसांनी भरलेले असते, सगळे एकत्र बसून सिनेमा पाहण्याची हौस तेव्हाच असते, आणि नेमका तेव्हाच छपरावर पावसाचा मारा चालू असतो. पत्र्याच्या छपराखाली तर शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. कौले पत्र्याइतकी वाजत नाहीत, पण त्यांच्या सांध्यांतून बाहेरचा आवाज थेट आत उतरतो. आवाज वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने हळू बोललेले संवाद स्पष्ट होत नाहीत, फक्त मारामारीचे प्रसंग असह्य होतात. आवाज अडवायला वजन लागते. आडोशाचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. जांभ्या चिऱ्याची नऊ इंची भिंत या बाबतीत उत्तमच आहे, मात्र चिरा सच्छिद्र असल्यामुळे दरजा नीट भरून निदान एका अंगाने तरी गिलावा करावा. कमकुवत असतात ती छप्पर, दार आणि खिडकी. कौलांखाली छत करायचे असेल तर ते वाशांना घट्ट ठोकू नये. भिंतींवर स्वतंत्र चौकट उभी करून तिच्यावर सिमेंट बोर्डाचे दोन थर द्यावेत आणि मधल्या पोकळीत खनिज लोकर भरावी. साधे जिप्सम बोर्ड इथल्या दमट हवेत फुगते, म्हणून ते मी सुचवत नाही.

तुमचे घर जुन्या बांधणीचे असेल, तर मात्र हा सगळा खटाटोप बराच कमी होतो. पुढे ओटी, बाजूंना पडव्या आणि मध्ये माजघर अशी जी रचना असते, तिच्यात माजघराच्या भिंतींवर पावसाची झड कधी येत नाही, वरचा माळा छपराचा आवाज आपल्या अंगावर घेतो, आणि उजेड तर दिवसाही बेताचाच असतो. माजघराला लागून असलेली काळोखी खोली पुरेशी मोठी असेल तर त्याहून चांगली. लोक सिनेमाच्या खोलीसाठी समुद्राकडे तोंड असलेली, मोठ्या खिडकीची वरची खोली दाखवतात. ती खोली पाहुण्यांना द्यावी. जिथे उजेड, खारा वारा आणि पाऊस या तिन्हींना वाट नाही, ती जागा सिनेमाला द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

नवीन खोली बांधणार असाल तर मापांकडे लक्ष द्यावे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जातले काही सूर अडकून घुमतात. त्यांतला सर्वांत खालचा सूर काढण्याचा हिशेब सोपा आहे : 565 ला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागावे. 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीत लांबीचा सूर सुमारे 28 हर्ट्झला येतो, तर रुंदी आणि उंचीचे दोन्ही 56 ला. शिवाय 28 ची दुप्पटही 56 च. तिन्ही एकाच जागी साचल्यामुळे तो एक सूर सतत घोंगावतो आणि बाकीचे दबतात. तेच माप 18, 12 आणि 10 फूट ठेवले तर सूर साधारण 31, 47 आणि 56 असे पांगतात. भिंतीची जागा आखताना दोन फूट इकडेतिकडे करायला काहीच खर्च येत नाही. पुढे मात्र खर्जाचा घुमारा काढायला खूप जाड शोषक थर लागतात, कारण 100 हर्ट्झच्या लाटेची लांबीच सुमारे साडेतीन मीटर असते आणि इंचभर जाडीचा फोम तिला जाणवतही नाही.

आता पडदा. डोळ्यांसमोर पडद्याची रुंदी साधारण 30 ते 36 अंशांत मावावी, असा संकेत आहे. 11 फुटांवर बसणार असाल तर त्याचा अर्थ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजून 80 ते 100 इंच. 150 इंचांचा आग्रह धरणाऱ्यांना मी खुर्ची मागे नेता येईल का ते विचारतो, कारण प्रोजेक्टरचा उजेड तेवढाच राहतो आणि मोठ्या पडद्यावर तो पातळ पसरतो. भिंती आणि छत गडद, चमक नसलेल्या रंगाचे ठेवावेत. पांढऱ्या भिंतीवरून परत फिरलेला उजेड पडद्यावरचा काळा रंग राखाडी करून टाकतो. प्रोजेक्टर लेझरचा घ्यावा. दिव्याचा प्रोजेक्टर वीज अचानक गेली की पंख्याविना तापलेलाच राहतो आणि दिव्याचे आयुष्य घटते, आणि आपल्याकडे वीज अचानकच जाते.

स्पीकरबद्दल फार लिहीत नाही. मधला संवादाचा, पुढचे दोन बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून 22 ते 30 अंशांवर, बाजूचे दोन 90 ते 110 अंशांवर आणि कानांच्या किंचित वर. छतातले स्पीकर पहिल्याच वर्षी हवेतच असे नाही. त्यांच्या तारांसाठी नळ्या तेवढ्या घालून ठेवाव्यात.

खरी कसोटी दमट हवेची आहे. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती इथे काही वर्षांत भुसा होऊन गळते, म्हणून रबरी कडेचाच स्पीकर घ्यावा. भिंतीवर लावायच्या शोषक पट्ट्या पॉलिएस्टर फेल्टच्या असाव्यात. ते तंतू पाणी शोषत नाहीत आणि कुजत नाहीत. पट्ट्या भिंतीला चिकटवू नयेत, मागे दोन इंच हवा खेळू द्यावी. त्याने बुरशी टळते आणि आवाजही अधिक शोषला जातो. किनाऱ्याजवळ साध्या तांब्याच्या तारेला कळंक चढतो, तेव्हा होड्यांवर वापरतात तशी कथील चढवलेली तार घ्यावी. प्रोजेक्टरच्या भिंगाला बुरशी लागली की ती काच सहसा पूर्ववत होत नाही. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवणे हाच इलाज आहे आणि त्यासाठी हवेतील ओल काढणारे यंत्र स्पीकरइतकेच आवश्यक समजावे.

विजेच्या कामात अर्थिंगला कंजूषी नको. कातळावरच्या घरात जमीन वीज सहज घेत नाही, विशेषतः उन्हाळ्यात, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. अर्थिंगचा खड्डा खोल घेऊन त्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी आणि अर्थिंगचा रोध दर उन्हाळ्यात मोजून घ्यावा. डिशची तार छपरावरून येते, म्हणून वादळाची चाहूल लागताच प्लगबरोबर तीही काढावी. चिऱ्यात झिरी मारणे कष्टाचे असते, त्यामुळे गिलाव्याआधीच दीड इंची नळी आत ओढदोर ठेवून घालावी. केबलचे प्रकार दर काही वर्षांनी बदलतात, नळी राहते. नळीची तोंडे बंद करावीत, नाहीतर कुंभारीण माशी त्यांत मातीचे घर करते.

शेवटचा प्रश्न मीच विचारतो : घर वर्षातले किती महिने बंद असते? शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतेच उघडणार असेल, तर प्रोजेक्टर छताला कायमचा न लावता काढता येईल असा बसवावा आणि जाताना सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पेटीत ठेवावा. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे त्या ओलीने भरल्याचे रंगावरून कळते आणि गरम करून पुन्हा वापरता येतात. घराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांना पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती खोली उघडून ओल काढणारे यंत्र काही तास चालू ठेवायला सांगावे, आणि त्या विजेचा खर्च त्यांच्या हाती आगाऊ द्यावा.