नागीण उठली की पहिले तीन दिवस लई महत्त्वाचे

आमच्या लातूर-उदगीर भागात नागीण उठली की माणूस आधी ती उतरवून घ्यायला जातो, गेरू लावतो, आन मग आग सहनच होईना झाली की चौथ्या-पाचव्या दिवशी मेडिकलवर येतो, "उतरवून आणलंय हो दादा, पण ठणका काय कमी होईना, एखादी ट्यूब द्या की". नागिणीत ट्यूबचा उपयोग नाही, पोटातूनच गोळी लागते. आणि तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो ही भीती तर घराघरात, पण तसं काही होत नसतं. लहानपणीच्या कांजण्यांचा व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत दबून बसलेला असतो, वय झालं किंवा अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की तो एका नसेच्या वाटेनं वर येतो, म्हणून तर फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला दिसतो.

मला पोटतिडकीनं सांगायचंय ते गोळीबद्दल. नागिणीवरची ही गोळी म्हणजे असायक्लोव्हीर, ती पोटात जाते तेव्हा निष्क्रियच असते. डीएनए बांधायला लागणाऱ्या एका घटकाची ती नक्कल आहे, पण अर्धवट. तिला कामाला लागायचं तर एकामागं एक तीन फॉस्फेट चिकटावे लागतात, आणि पहिला फॉस्फेट आपली निरोगी पेशी जवळपास चिकटवतच नाही, तो चिकटवतो व्हायरसचा स्वतःचा एन्झाईम, थायमिडिन कायनेज. म्हणजे चोरानंच हाक मारून घरमालकाला उठवावं तसं झालं बघा. पुढचे दोन फॉस्फेट आपल्या पेशीतले एन्झाईम लावतात, मग व्हायरसचा डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची साखळी बांधणारा एन्झाईम, त्या नकलेला खरी समजून साखळीत ओवतो, आणि तिला पुढचा घटक जोडायला जागाच नसल्यानं साखळी तिथंच संपते. ज्यांच्या टीमनं हे औषध आणलं त्या गरट्रूड एलियन बाईंना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि बाईंनी पीएचडी पूर्ण केलेली नव्हती, मला याचं फार कौतुक वाटतं.

आता यातूनच कळतं की उशीर का नडतो. व्हायरस जिथं वाढतोय तिथंच गोळी जागी होते. खपल्या धरल्यावर वाढ थांबत आलेली असते, नसेला व्हायची ती इजा होऊन गेलेली असते, अन् मग म्हाताऱ्या माणसाला महिनोन्महिने अंगाला सदरा लागला तरी कळ येते. म्हणून फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला पाहिजे. नवीन फोड येतच असले तर नंतरही डॉक्टर देतात, पण वाट बघू नका.

डोसचंही तसंच. ओठावरच्या हर्पिसपेक्षा नागिणीच्या व्हायरसला हे औषध जास्त लागतं, म्हणून ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, निदान ७ दिवस. शेजाऱ्याच्या २०० च्या उरलेल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ खाऊन काही होत नाही. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि पाणी भरपूर प्या.

नागिणीच्या व्हायरसच्याच घराण्यातला सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), किडनी बदललेल्या पेशंटला फार छळतो. त्याचा कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारा एन्झाईम, वेगळा, यूएल९७. सीएमव्हीवरच्या गॅनसायक्लोव्हीर या औषधाला पहिला फॉस्फेट तोच लावतो, शिवाय पेशीच्या केंद्रकाच्या भिंतीतल्या प्रोटीनला फॉस्फेट लावून भिंत सैल करतो, म्हणजे नवीन तयार झालेले व्हायरस बाहेर निसटतात. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सीएमव्हीवरचंच दुसरं औषध, मारिबाव्हीर, या यूएल९७ लाच बंद पाडतं. मग दोन्ही औषधं सोबत दिली तर? एकानं दुसऱ्याचा पहिला फॉस्फेटच अडवला, गॅनसायक्लोव्हीर जागंच होत नाही. म्हणून ही जोडी एकत्र देत नाहीत. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला होता, एकच एन्झाईम, एका औषधाला तो हवा आणि दुसऱ्याला तो नको.

आणि हो, फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर दिसले तर गेरू-बिरू सोडा, मेडिकलवरही येऊ नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, नजर जाऊ शकते.