थायरॉइडची गोळी, बी१२ आणि न जाणारा थकवा

हाशिमोटोमध्ये (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार) टीएसएच, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा मुख्य आकडा, जागेवर आला तरी अंग मोडून येतं, तेव्हा थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवण्याआधी व्हिटॅमिन बी१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन तपासा. रक्त देण्याआधी किमान २ दिवस केसांसाठीची बायोटिनची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा. तिच्यामुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

घोळ बहुतेक सकाळी होतो. उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी आणि लगेच कडक चहा! गोळी साध्या पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनंतरच, नाहीतर त्या थायरॉइडचं औषध आतड्यात अडवून धरतात. लोहासोबत लिंबूपाणी चालेल, चहा नाही.

कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, केळी, सगळं उत्तम. पण बी१२ त्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांत. दूध-दही भरपूर असूनही बी१२ खालीच राहिलं, तर पर्निशियस ॲनिमियाची शंका घ्यावी: जठरातला शोषणाला लागणारा घटक शरीरच मारतं. तिथे बी१२चं इंजेक्शन किंवा रोजची १००० मायक्रोग्रॅमची गोळी लागते. नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण पायांच्या मुंग्या वाढतच जातात.

डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच, जेवणानंतर. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं. ल्युपस (शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं तो आजार) असेल तर जळगाव-भुसावळच्या उन्हात डी शोधायला जाऊ नका, आजार उफाळतो.