टेरिकॉटला म्हातारपण नाही

धाकट्या बहिणीला बाळ होणार, म्हणून गोधडी शिवायला काढली आणि घरात जुनेरच नाही असा शोध लागला. कपाटं उघडली की कपडे अंगावर कोसळतात, पण जुनेर नाही. नुसता जुना कपडा म्हणजे जुनेर नव्हे. धुऊन धुऊन विरलेलं, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसेल असं सुती कापड लागतं त्याला. आजीच्या ट्रंकेतली दोन लुगडी तेवढी त्या पदाला पोचली होती. बाकी सगळं टेरिकॉट.

बाबांचा १९८०च्या आसपासचा एक शर्ट निघाला. कॉलर अजून ताठ! दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत, असा साधारण त्याचा संसार. तो विरत नाही, फाटत नाही, फार तर अंगावर गोळे धरतो. म्हातारपणच नसेल, तर गोधडीत जायची वेळ येणार कधी?

गोधड्या शिवणाऱ्या मावशींनी शर्ट चिमटीत धरला, एक धागा ओढला आणि म्हणाल्या, "काडी लावा याला." धागा आक्रसला आणि टोकाशी काळा, टणक मणी झाला. लुगड्याचा धागा मात्र कागदासारखा जळला, बोटात चुरली तर मऊ राख. "बाळाच्या अंगाखाली असले खडे घालताय व्हय, ताई?"

मावशींचं म्हणणं खरंच होतं. सूत हवेतला ओलावासुद्धा पिऊन ठेवतं, बाळाच्या घामाचं काय घेऊन बसलात. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच पीत नाही. शिवाय घट्ट विणीच्या टेरिकॉटचे थर चढले की सुई अडते, आणि धावदोरा घालता घालता बोटांची चाळण होते.

आईला मात्र हे सुतीचं कौतुक मुळीच पटेना. "तुम्हाला काय जातंय? सुती पातळांना खळ घाला, दांडीवर ताणून वाळवा, कोळशाची इस्त्री फिरवा. मी केलंय ते. पहिली टेरिकॉटची साडी आली तेव्हा रविवारची दुपार मोकळी झाली माझी." यावर कोण काय बोलणार?

शेवटी वरच्या अंगाला लुगडी आणि खालून दुकानातलं कोरं सुती कापड असं ठरलं. जुन्याचं नवं करायचं सोडून नवं विकत आणून त्याची गोधडी करायची, हा उलटा कारभार मला खुपलाच. आईची समजूत म्हणून कडेचा गोट तिच्या जांभळ्या टेरिकॉट साडीचा लावला.

"कोरं कापड आधी पाण्यातून काढा," असं मावशींनी दोनदा बजावलं होतं. मी विसरले. पहिल्याच धुण्यात खालचं कापड आटलं, गोट जागचा हलला नाही आणि गोधडी पापडासारखी कडेला वळली.

आई दोरीजवळ आली, गोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बघ, रंग तसूभर गेला नाही."