तुम्ही विचारलंत म्हणून: अंगदाची मागची बाजू

"कुडाळची पोर तू, आणि चित्रकथी तुला मुंबईच्या कपाटात दिसली?" हा प्रश्न मला आतापर्यंत निदान पंधरा जणांनी विचारलाय. विचारणारे बहुतेक गावचेच, त्यामुळे त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गाऊन गोष्ट सांगायची कला. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीतला ठाकर समाज ती पिढ्यान् पिढ्या करत आलाय. आजीनं तर सरळच विचारलं, "ठाकरांची चित्रां बघूक तुका मुंबैक जावचा लागला?" तिला मी "होय गो" एवढंच म्हणाले. इथं जरा सविस्तर सांगते.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाआधीच्या सुट्टीत मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयात मी दोन महिने इंटर्नशिप केली. लोकांना वाटतं, आम्ही दालनांतून फिरत पाहुण्यांना माहिती सांगतो. छे. आम्ही मागच्या भांडारात बसून नोंदवहीतली वस्तू कपाटात आहे का आणि धड आहे का, ते ताडून बघतो. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. वस्तू उचलण्याआधी ती कुठं टेकवणार ते ठरवायचं. पहिले तीन आठवडे मी पितळी दिवे आणि अडकित्ते मोजले. अडकित्त्यांबद्दल मला आता गरजेपेक्षा जास्त कळतं.

चौथ्या आठवड्यात कागदांच्या कपाटाची पाळी आली. खण ओढला तर समोर अंगद. रावणाच्या सभेत आसन दिलं नाही म्हणून स्वतःच्याच शेपटीच्या वेटोळ्यावर बसलेला, रावणापेक्षा चांगला हातभर उंच. सगळे चेहरे एका बाजूनं काढलेले आणि डोळे हे एवढे मोठे. तांबडा रंग अजून तजेलदार. नोंदवहीत लिहिलं होतं, 'कागदावरील चित्र, पैठण शैली, नग १'.

तो डोळा माझ्या ओळखीचा होता. आठवीत असताना पिंगुळीची ठाकर मंडळी आमच्या शाळेत बाहुल्या घेऊन आली होती. खेळ झाल्यावर त्यांनी काही चित्रं वर धरून दाखवली होती. आमचे कान तेव्हा मधल्या सुट्टीच्या घंटेकडे होते.

मी धावतच संग्रहालयातल्या मॅडमकडे गेले. "हे पैठणचं नाही, पिंगुळीचं आहे."
"कशावरून?"
"मी तिकडचीच आहे ना."
"तो पुरावा नव्हे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. पैठणच्या आसपास अशी चित्रं संग्राहकांच्या हाती लागली, त्यावरून 'पैठण शैली' हे नाव रूढ झालं. तशाच धाटणीच्या पोथ्या, म्हणजे एकेका कथेच्या चित्रांचे गठ्ठे, पिंगुळीच्या ठाकर घरांत पिढ्यान् पिढ्या आहेत, सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता, हे सगळं खरं. पण म्हणून हा कागद पिंगुळीचाच कशावरून? तो कुणाकडून घेतला, त्याची नोंद नव्हती. गावचा अभिमान नोंदवहीत लिहायला रकाना नसतो.

खरी गंमत पुढं झाली. चित्र जाड पुठ्ठ्यावर बसवलेलं होतं आणि तो पुठ्ठा पिवळा पडत चालला होता, म्हणून संवर्धन विभागानं तो काढायचं ठरवलं. मला शेजारी उभं राहून बघायची परवानगी मिळाली. कडेच्या कागदी पट्ट्या हलकेच ओलावून, पातळ सुरीनं एकेक करत सोडवायला अर्धा दिवस गेला. पुठ्ठा बाजूला झाला आणि मागून दुसरं चित्र निघालं. तोच अंगद, रावणाचा अख्खा मंडप डोक्यावर घेऊन उडालेला!

चित्रकथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात. पुढचा प्रसंग सांगून झाला की कागद उलटायचा, पुढची गोष्ट मागच्या बाजूला. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरी 'नग १' वाचताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. किती वर्षं हा अंगद नुसता बसूनच होता, त्याला उडूच दिलं नव्हतं.

चतुर्थीला घरी जायचंच होतं. तुतारी एक्सप्रेसनं कुडाळला उतरले आणि दुसऱ्या दिवशी पिंगुळीला गेले. आमच्या घरापासून पिंगुळी रिक्षानं पाव तासावर. लहानपणापासून शंभर वेळा गेले असेन, पण ते राऊळ महाराजांच्या मठात. त्याच गावातल्या गुढीपुरात, ठाकरांच्या वस्तीत, कधीच पाऊल टाकलं नव्हतं. तिथं परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथं आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही कुडाळकरांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता. एका घराच्या पडवीत एका काकांनी बासन सोडून पोथी काढली, मागं एकानं हुडूक नावाचं वाद्य धरलं, एकानं टाळ. काका चित्र उभं धरून गात होते, मध्येच गद्यात येऊन रावणाच्या आवाजात खेकसत होते, आणि प्रसंग संपला की अंगठ्यानं खालची कड पकडून कागद फिरवत होते. मी कथा ऐकायची सोडून त्या अंगठ्याकडे बघत बसले. मुंबईतल्या माझ्या अहवालात 'हानी' या सदराखाली मी लिहिलं होतं, 'खालची कड मळकट व झिजलेली'. ती इथं, माझ्यासमोर झिजत होती.

घरी येऊन आजीला मोबाईलवरचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. तिनं डोळे मिटले. "ह्ये पांगूळ घेवन येयत," म्हणाली. पांगूळ म्हणजे बैल घेऊन दारोदार फिरायचा खेळ, तोही ठाकरांचाच. पहाटे ते दारात यायचे आणि आजी सुपातून तांदूळ घालायची.
"मग त्यांना आत बोलवायचीस?"
"आत कित्याक?"
ती सहज म्हणाली, वाईट मनानं नाही. पण 'तुला तुझी कला परत सापडली' असं कुणी म्हटलं की हल्ली मला हेच आठवतं. ही कला आमच्या घराची नव्हती. आमचा तिच्याशी संबंध सूपभर तांदळाचा, तोही पायरीखालून. त्यामुळे 'परत' हा शब्द मी वापरत नाही. मी पहिल्यांदाच गेले होते, तेही तेविसाव्या वर्षी.

सुट्टीनंतर मुंबईला गेले तेव्हा मॅडमना सगळं सांगितलं. ठिकाणाचा रकाना त्यांनी बदलला नाहीच. चित्रांची संख्या मात्र दोन झाली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले गेले, आणि माझ्या अहवालातली ती ओळ 'हानी'तून काढून 'वापराच्या खुणा' या सदरात घालायला त्यांनी मला परवानगी दिली. पेन्सिलीनंच.

आणि हो, तुमच्यातल्या काहींनी कसं जायचं तेही विचारलंय. कुडाळला उतरा, आधी फोन करून जा, पोथी बघायला नव्हे तर ऐकायला जायचंय असं सांगा, आणि निदान दोन तास मोकळे ठेवा. रिक्षावाल्याला नुसतं 'पिंगुळी' म्हणू नका, गुढीपूर म्हणा. नाहीतर तो तुम्हाला थेट मठात नेऊन सोडेल.